पडदा कोण ओढणार

"आजपासून या घराण्याच्या इतिहासाला वेगळं वळण लागणार आहे," थोरले म्हणाले, आणि चहाचा कप टेकवायला जागा शोधू लागले. ती काही मिळेना. टेबलावर ब्रश वाळत घातलेले, खिडकीच्या कट्ट्यावर रंगांचे डबे, आणि स्टुलावर त्यांची थोरली बहीण बसलेली. शेवटी कप हातातच धरून त्यांनी इतिहासाला वळण लावलं. "या घरात तो शब्द यापुढे कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. मी असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावर तर मुळीच नाही."

"कुठला शब्द?" ताईने विचारलं.

थोरल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द सांगायचा तर तो उच्चारावा लागणार होता, आणि बंदी तर नुकतीच लागू झाली होती.

"तोच," ते म्हणाले.

"तोच म्हणजे? आपल्या घरात काय एक शब्द आहे? आईकडून आलेले वेगळे, बाबांच्या बाजूचे वेगळे."

"साहेबांच्या बाबतीतला."

"असं होय. म्हणजे खुळा?"

"तो."

"का वेडसर?"

"तोही."

"अर्धवट?"

"ताई, एकेक नको गं."

"नाही, आधीच कळलेलं बरं. उद्या माझ्या तोंडून निघाला की तू म्हणशील, सांगितलं होतं. अर्धवट चालेल की नाही तेवढं बोल."

थोरल्यांनी आपल्या लेकीकडे पाहिलं. इतिहासाचं वळण खरं म्हणजे तिचं होतं. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ती दुसऱ्या शहरात शिकवत असे. काल संध्याकाळी ती घरी आली ती हीच अट घेऊन. थोरल्यांनी रात्रभर विचार करून ती अट स्वतःची करून घेतली होती.

"अर्धवट नाही चालणार, आत्या," लेक म्हणाली.

"बावळट?"

"नाही."

"ठोंब्या?"

इथे मास्तरांनी हात वर केला. मास्तर म्हणजे थोरल्यांचे मधले भाऊ. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाले होते, पण वर्गातून बाहेर पडले नव्हते. "ठोंब्या हा शब्द मुळात शरीराच्या जडपणाविषयी आहे," ते म्हणाले. "बुद्धीशी त्याचा थेट संबंध लावता येणार नाही. मठ्ठ मात्र सरळसरळ बुद्धीचा. येडपट हा मधला. तो प्रेमानेही म्हणतात."

"कोण म्हणतं प्रेमाने?" वहिनी आतून म्हणाल्या. थोरल्यांच्या बायकोला सगळं घर वहिनी म्हणायचं. कधीकधी चुकून थोरलेही म्हणायचे. "मला तर लग्नापासून म्हणताहेत."

बंदी जाहीर झाल्यापासून चहा संपेपर्यंत त्या खोलीत जेवढे ते शब्द उच्चारले गेले, तेवढे मागच्या अख्ख्या वर्षात गेले नसतील. लेकीने डोळे मिटून घेतले. ताई आता नुसत्या आठवणीतल्या जुन्या शब्दांवर आली होती. आजोबांच्या वेळचा एक शब्द तर मास्तरांनाही नवीन होता. त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून धाडकन आवाज आला. नंतर काहीतरी लाकडी घरंगळत गेलं.

"गेला," वहिनी म्हणाल्या. "हा शेवटचा होता. आता खिडक्यांना चादरी लावू का सांगा."

साहेब सराव करत होते.

चौघांतले हे सर्वांत धाकटे भाऊ. पन्नाशी कधीच ओलांडलेली. लहानपणी कुणीतरी इस्त्रीचा शर्ट घातल्यावर "काय साहेब" म्हणालं, तेव्हापासून त्यांनी इस्त्रीशिवाय शर्ट घातला नाही आणि साहेबपणही सोडलं नाही. गावाच्या टोकाला त्यांच्यासारख्यांसाठी जी संस्था आहे, तिथे ते रोज सकाळी जात. मेणबत्त्या खोक्यांत भरायचं काम त्यांच्याकडे होतं. ते स्वतः फारसं भरत नसत. भरणाऱ्यांच्या मागे उभे राहून "नीट, नीट" म्हणत. संस्था सुरू झाली तेव्हा तिचे पहिले विद्यार्थी तेच होते. म्हणून संस्थेच्या बाईंनी त्यांना शब्द दिला होता, की नव्या बोर्डाचा पडदा त्यांच्या हातून उघडायचा. आज संध्याकाळी. त्या दिवसापासून साहेबांनी घरातला एकही पडदा जागेवर ठेवला नव्हता.

ते दारात आले. केस पाण्याने चापून बसवलेले, हातात पडद्याची दांडी.

"ओढला," ते म्हणाले. "नीट ओढला. वहिनी, तुझा पडदाच खुळा आहे."

बंदीचा पहिला खरा भंग ज्याच्यासाठी बंदी होती त्यानेच केला होता. खरं म्हणजे तो शब्द घरात सर्वांत सढळपणे तेच वापरत. मास्तरांना तर ते दुसरं काही म्हणतच नसत.

"यांना सूट द्यावी लागेल," मास्तर म्हणाले.

"सूट कशी द्यायची?" ताई म्हणाली. "नियम तर नियम. काय गं, तुझ्या कॉलेजात याबद्दल काय शिकवलं?"

लेकीला कॉलेजात याबद्दल काही शिकवलेलं नव्हतं. "काका," ती म्हणाली, "तो शब्द चांगला नाही. त्याने लोकांना वाईट वाटतं."

साहेबांनी दांडीला लटकणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. "त्याला नाही वाटलं," ते म्हणाले, आणि पुढच्या खिडक्यांची पाहणी करायला निघून गेले.

फोन वाजला तो यानंतर. थोरल्यांनी उचलला. ते गिऱ्हाइकाशी बोलताना नेहमी उभं राहून आणि किंचित वाकून बोलत. पलीकडे संस्थेच्या बाई होत्या, म्हणजे बोर्डापुरत्या गिऱ्हाईकच. थोरले वाकले.

"हो हो. नाही, बरोबर आहे. मान तर त्यांचाच. पुष्पगुच्छ? हो, धरेल की. फोटोत येईल ना? मग झालं तर. छे छे, वाईट कसलं वाटायचं." त्यांनी फोन ठेवला, आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"समारंभाचे अध्यक्ष म्हणाले, पडदा ते स्वतः ओढतील. साहेबाने त्यांना फुलं द्यायची."

"आणि तू हो म्हणालास."

"मी बरोबर आहे म्हणालो."

"त्यात काय बदललं?"

घरातल्या बाजू अशा वेळी फार झरझर बदलत. मागच्या वर्षी वरच्या खोलीच्या वाटणीवरून ताई आणि लेक एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत ठोंब्यावरून भांडत होत्या. आता त्या दोघी एका बाजूला येऊन बसल्या. मास्तर उठून दुसऱ्या बाजूला गेले.

"व्यवहाराने बघा," मास्तर म्हणाले. "अध्यक्ष मोठे गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे याने दोरी चुकीची ओढली, पडदा अध्यक्षांच्या डोक्यावर आला, तर शोभा कुणाची? शिवाय प्रास्ताविक मला करायचं आहे. त्यात मी अध्यक्षांच्या हस्ते असा उल्लेख केला तर वाक्य चांगलं बसतं."

"वाक्यासाठी भावाला बाजूला करतोस?" ताई म्हणाली.

"बाजूला कुठे? फुलं देणार ना तो."

"मास्तरकाका, त्यांना शब्द दिलाय," लेक म्हणाली. "दुसऱ्या कुणाला शब्द देऊन असा फिरवला असता का कुणी? यांना काय कळणार आहे, असंच ना?"

"मी तो शब्द वापरलेला नाही," मास्तर म्हणाले.

"शब्द न वापरता तेच केलंत."

"चांगलं बोलतेस गं," ताई तिला म्हणाली. "असं कर, तू शब्द सांभाळ, मी माणसं सांभाळते."

सगळे वहिनींकडे बघू लागले. पडदे वहिनींचे गेले होते. साहेबांनी आज काहीही ओढू नये यात सर्वांत मोठा फायदा त्यांचाच होता. मास्तरांनी त्यांना आपल्या बाजूला गृहीत धरून थोडी जागाही करून दिली.

वहिनी हातातली फाटकी कापडं घडी करत होत्या. "फुलंच द्यायची होती," त्या म्हणाल्या, "तर माझे पडदे कशासाठी फाटले? मग आता ओढायलाच हवा त्याने. नाहीतर एवढं कापड वायाच गेलं की."

मास्तर एकटे पडले. एकटे पडले की ते मुद्दा बदलत. "ठीक आहे. मग साहेबाला कोण सांगतंय ते सांगा. फुलांचं."

कुणीच हात वर केला नाही. आतून साहेबांचा आवाज आला, "एक, दोन, ओढ," आणि मग चादर फाटल्याचा.

थोरले अजून फोनजवळ उभे होते. घर त्यांच्या नावावर चालायचं, खालचा पाट्या रंगवायचा कारखानाही. पण हे सगळं चालवताना आपण एकदाही कुणाला नाही म्हटलेलं नाही, हे त्यांना त्या फाटण्याच्या आवाजाने उगीचच जाणवलं. उगीच जाणवलेलं त्यांना आवडत नसे.

"तुमच्यात तो नियम आहे ना?" वहिनी म्हणाल्या. "पडदा पेंटरच्या घरचा माणूस काढतो."

नियम होता. थोरल्यांच्या वडिलांचा. बोर्ड चढवल्यावर त्यावर कापड टाकायचं, आणि ते कापड कारखान्यातल्या माणसाखेरीज कुणी काढायचं नाही. ओल्या रंगाला कापड चिकटलेलं असतं. परक्या माणसाने खसकन ओढलं तर अक्षर फरफटतं. त्यामुळे मोठमोठ्या दुकानांच्या उद्घाटनालाही पाहुण्याने नुसती कात्रीने फीत कापायची आणि पडदा मात्र वडिलांनी काढायचा, अशी त्यांची रीत. अनेक पाहुण्यांचे चेहरे त्या रीतीने पडलेले थोरल्यांनी लहानपणी पाहिले होते.

"तो कारखान्यातल्या माणसाचा नियम आहे," थोरले म्हणाले.

"मग साहेब कोणाच्या कारखान्यातला?" ताईने विचारलं.

साहेबांना कारखान्यात येऊच देत नसत. लहान असताना त्यांनी एका डॉक्टरांच्या ओल्या पाटीवर आपला पंजा उमटवला होता. तेव्हापासून खाली उतरायला मनाई. डॉक्टरांनी ती पाटी तशीच पंजासकट दवाखान्याला लावली आणि तिच्यामुळे मुलं रडायची थांबतात असं सांगत राहिले. पण घरात हा भाग कुणी सांगत नसे.

थोरल्यांनी फोन उचलला. या वेळी ते वाकले नाहीत. खरं म्हणजे वाकायची सवय इतकी होती की त्यांनी पाठ भिंतीला टेकवून ठेवली.

"बाई, एक राहिलं सांगायचं. आमच्याकडे रीत आहे. पडदा आमच्या कारखान्याचा माणूस काढतो. नाही, वडिलांपासूनची आहे, मोडता नाही येणार. अध्यक्षांनी फीत कापावी. माणूस कोण?" ते थांबले. "आमचे साहेब आहेत. कारखान्यातले."

हे वाक्य कानाला इतकं बरं वाटलं की फोन ठेवल्यावर त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

संध्याकाळी सगळं कुटुंब संस्थेच्या फाटकाशी पोहोचलं तेव्हा ऊन तिरपं होऊन थेट कापडावर पडलं होतं. मांडवात खुर्च्या लावलेल्या. पुढच्या रांगांत संस्थेतली मंडळी, सगळी धुतलेल्या कपड्यांत. कुणीतरी टाळ्या वाजवायला सांगून ठेवलं होतं. अजून काही सुरू झालं नव्हतं तरी ते अधूनमधून वाजवून बघत होते. साहेब जेवण झाल्याबरोबर आले होते. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून, दोन्ही हातांनी दोरी धरून, ते भिंतीला लागून उभे होते. कुणी जवळ आलं की म्हणत, "मागे. रांगेत."

बोर्ड काही नवा नव्हता. या घराण्यात पत्रा टाकून देत नाहीत. संस्थेचा पत्रा पहिल्या दिवसापासून तोच. दर काही वर्षांनी नाव बदलायचं आणि थोरले त्यावर नवं नाव लिहायचे. आधी होती मंदबुद्धी मुलांची शाळा. मग मतिमंद आले, मतिमंदांमागून विशेष. नवा शब्द आला की काही दिवस सगळे जपून बोलत. मग गल्लीतली पोरं तोच एकमेकांना फेकून मारायला शिकत. शेवटी कुणा मुलाची आई बाईंकडे येऊन रडल्यावर थोरल्यांना निरोप जाई, की डबे घेऊन या. यंदाचं नाव लेकीशी विचारविनिमय करून ठरलं होतं: बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे कार्यकेंद्र. मास्तरांनी प्रज्ञावैविध्यधारक सुचवलं होतं. पण ते पत्र्यावर बसत नव्हतं. निदान थोरल्यांनी तसं सांगितलं होतं.

शेवटची नजर टाकायला थोरले शिडीवर चढले आणि डोकं कापडाच्या आत घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही.

"दादा, काय करतोयस?" ताई शिडी धरून खाली उभी होती. "काय दिसलं?"

कापडाआडून थोरल्यांचा आवाज आला. "बाबा."

"कोण?"

"बाबा दिसले."

ताईने मास्तरांना हाक मारली. "पाणी आण रे. दादाला ऊन लागलं."

थोरले उतरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बोर्ड मात्र तेवढा पांढरा राहिला नव्हता. ताई वयाला न शोभणाऱ्या चपळाईने शिडीवर गेली, तिने कापडात डोकं घातलं आणि आतून स्पष्ट आवाजात वाचलं, "मंदबुद्धी."

"हळू," थोरले म्हणाले.

"मी नाही म्हटलं. इथे लिहिलंय."

चूक थोरल्यांची होती आणि ती दुसऱ्या कुणा पेंटरच्या हातून झालीच नसती. वर्षानुवर्षांचे थर फुगले होते, पोपडे धरत होते. म्हणून यंदा ब्लेडने पत्रा साफ करायला घेतला. एकेक थर निघाला, आणि सर्वांत खाली निघाली वडिलांची लाल अक्षरं. वडिलांनी ती आपल्या धाकट्या मुलासाठी लिहिली होती. तेव्हा सगळा गाव खुळ्यांची शाळा म्हणायचा. वडील एका पंडिताकडे गेले, सभ्य शब्द कोणता ते विचारून आले, आणि त्या सभ्य शब्दाचा म त्यांनी कागदावर कितीतरी वेळा गिरवून मग पत्र्यावर उतरवला. इतका डौलदार म थोरल्यांना आयुष्यात साधला नव्हता. तो खरवडायला त्यांचा हात उचलला नाही. जुना लाल रंग वरच्या पांढऱ्यातून फुटून वर येतो, म्हणून मध्ये चंदेरी रंगाचा एक हात द्यावा लागतो. कारखान्यातलं पहिलं काम शिकवतात ते हेच. पण वडिलांच्या अक्षरावर चंदेरी फासायचीही छाती झाली नाही. थोरल्यांनी पांढऱ्याचे दोन जाड हात मारून स्वतःची समजूत घातली. समजूत आजच्या संध्याकाळपर्यंत टिकली. आता नव्या नावाच्या मागे जुनं नाव गुलाबी होऊन उभं होतं. म विशेष चांगला आला होता.

"आता?" लेकीने विचारलं. तिने हे नाव ठरवण्यासाठी बाईंशी वर्षभर वाद घातला होता.

"दोरी अडकली म्हणून सांगा," मास्तर म्हणाले. "बोर्ड रात्रीत घरी नेऊ. उद्या चंदेरी द्या, परवा परत. किंवा," त्यांनी आवाज खाली आणला, "अध्यक्षांनाच ओढू द्या. मग निदान त्यांच्या हस्ते होईल."

थोरले साहेबांकडे गेले. गावातली अर्धी दुकानं त्यांच्या हातची होती. बोर्ड बिघडला असं गेल्या तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि आज सगळा गाव समोर बसला होता. दोरी सोडवून घेतली की झालं.

"साहेब, आज राहू दे का? उद्या ओढू."

"आज आहे," साहेब म्हणाले.

"उद्या निवांत ओढता येईल. गर्दी नसेल."

"उद्या सोमवार. काम असतं." मग साहेबांनी भावाकडे नीट पाहिलं आणि दोरी आणखी घट्ट धरली. "तू सांगितलंस. कारखान्यातला माणूस काढतो. फोनवर बोललास. मी ऐकलं."

थोरल्यांनी हात पुढे केला होता, तो त्यांनी साहेबांच्या कॉलरवर ठेवला आणि नसलेली सुरकुती सरळ केली. "एकदम खाली ओढायची," ते म्हणाले. "तिरकी नाही. कापडाला मान देऊन."

"माहितीये," साहेब म्हणाले. "जा, रांगेत उभा राहा."

थोरले परत आले. ताईने शिडी उचलून लांब नेऊन ठेवली. लेक बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मास्तरांचं प्रास्ताविक झालं. त्यात प्रज्ञावैविध्यधारक हा शब्द इतक्यांदा आला, की तो बोर्डावर न बसल्याचं पुरेपूर उट्टं निघालं. मग अध्यक्ष उठले. त्यांना कुणीतरी आधीच बजावलेलं दिसत होतं, की जुने शब्द वापरायचे नाहीत. नवे त्यांना पाठ नव्हते. "आज आपल्यामध्ये," ते म्हणाले, "जे आहेत, म्हणजे ज्यांना आपण... ज्यांच्याविषयी आपण..." आणि ते थांबले. थांबले की टाळ्या वाजवायच्या, असं पुढच्या रांगांना शिकवलं होतं. त्या कडकडून वाजल्या. अध्यक्ष सुखावले. पुढच्या वाक्यात ते मुद्दाम थांबले. भाषण लांबत गेलं.

शेवटी बाईंनी थोरल्यांना माइकवर बोलावलं. साहेबांची ओळख करून द्यायची होती. लेकीने सकाळीच त्यांच्याकडून योग्य शब्दांत ती पाठ करून घेतली होती. थोरल्यांनी माइक हातात घेतला, एकदा कापडाकडे पाहिलं, आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं.

"आमच्या कारखान्यातले," ते म्हणाले, "साहेब." आणि माइक अध्यक्षांच्या हातात देऊन खाली उतरले.

साहेबांनी कुणाकडे पाहिलं नाही. "एक, दोन," ते म्हणाले आणि ओढली. सरळ, एका दमात. कापड वरून सुटलं, हवेत थोडं फुगलं आणि कुणाच्याही डोक्यावर न येता भिंतीच्या पायथ्याशी घडी घातल्यासारखं पडलं. पडदा काढणं म्हणून थोरल्यांनी वडिलांनंतर एवढं चांगलं पाहिलं नव्हतं.

मग सगळ्यांनी वर पाहिलं.

ऊन अजून होतं. दोन्ही नावं सारखीच वाचता येत होती. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी नाही. अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि जे दिसलं ते मोठ्याने वाचायला घेतलं. "बौद्धिक मंद... दिव्यांग बुद्धी..." माइक चालू होता.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"खालचा रंग फुटला," थोरले म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायला हवं असं वाटून ते म्हणाले, "वडिलांचं अक्षर आहे."

मांडवात कुजबुज वाढली. मागून कुणीतरी हसलं, मग कुणीतरी त्याला गप्प केलं. मास्तर बोर्डाच्या वाक्यरचनेचा काही अर्थ लागतो का ते पाहत होते. ताई हसणारा शोधत होती. लेक मात्र ताडताड पुढे गेली आणि तिने अध्यक्षांच्या हातातला माइक घेतला. तिचे डोळे भरले होते.

"असू दे," ती म्हणाली. "झाकू नका. आपण इतकी वर्षं यांच्यासाठी शब्द शोधतोय. प्रत्येक वेळी जुना झाकायचा आणि नवा लिहायचा. माझ्या आजोबांचा होता, बाबांचा होता, आजचा माझा आहे. भांडून मिळवलाय मी तो. पण आमच्यातल्या एकानेही कधी ज्याच्यावर तो शब्द लावायचा त्याला विचारलं नाही. मीही नाही." ती साहेबांकडे वळली आणि माइक त्यांच्यापुढे धरला. "काका, आज तुम्ही सांगा. तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? तुम्ही म्हणाल ते आम्ही लिहू."

अध्यक्षांनी चष्मा काढला. बाईंनी पदर डोळ्याला लावला. मास्तरांनी लिहून घ्यायला पेन काढलं. थोरल्यांना वाटलं, आता जे येईल ते आपण वडिलांच्या त्या म सारखं जपून लिहू, आयुष्यभर हात साधला नाही तरी आज साधेल.

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलं, मग भिंतीच्या पायथ्याशी पडलेल्या कापडाकडे.

"ते नंतर," ते माइकमध्ये म्हणाले. "आधी पडदा परत लावा ना. मला अजून एकदा ओढायचाय."